बरं नाहीये

डॉक्टरांचा प्रश्न पुरा व्हायच्या आत माझ्या तोंडून 'नाही' निघून गेलं. विचार करून म्हटलं असतं तर गोष्ट वेगळी होती. जांभई यावी तसं ते आलं, आणि आल्यावर माझी मीच दचकले. प्रश्न साधा होता. भिंगरी पोटात असताना तिच्या आईनं दारू घेतली होती का, घेतली असेल तर कधी, किती. डॉक्टर तरुण होते, आवाज मऊ, दाढी नीट कातरलेली, आणि हा प्रश्न ते रोज कुणाला ना कुणाला विचारत असणार, कारण जन्माच्या वेळी वजन किती होतं हे त्यांनी ज्या सुरात विचारलं त्याच सुरात हेही विचारलं. मी म्हटलं, नाही. तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. वर म्हटलं, आमच्याकडे असलं काही नाही. हे तर माझं वाक्यसुद्धा नव्हतं. हे आमच्या आईचं वाक्य, तिच्या हेलासकट. डॉक्टरांनी मान हलवली, टिपून घेतलं, आणि म्हणाले की आता ते भिंगरीबरोबर काही खेळ खेळतील, चित्रं दाखवतील, तोवर मी बाहेर बसावं. मी पर्स उचलली आणि मुकाट्यानं बाहेर आले. दार लागल्याचा आवाज झाला तेव्हा कुठं मला राग आला. माझा राग असाच येतो, माणसं निघून गेल्यावर.

बाहेर एक लांबलचक बोळ होता. एकमेकींना जोडलेल्या खुर्च्या, त्यामुळे पलीकडच्या टोकाला कुणी बसलं की आपणही हलायचं. समोरच्या भिंतीवर रंगवलेला जिराफ, त्याच्या पायांपासून मानेपर्यंत पोरांची उंची मोजायच्या रेघा. भिंगरीला आल्या आल्या त्या जिराफापाशी उभं केलं होतं, तर ती जिराफाच्या गुडघ्याच्या जरा वर आली, आणि नाव नोंदवायच्या खिडकीतली बाई म्हणाली, अजून लहान आहे हो, किती वय? मी नऊ म्हटल्यावर तिनं पुन्हा जिराफाकडे बघितलं. ही बाई येणाऱ्या प्रत्येक बाईला 'आई' म्हणते. आई, या. आई, इथं सही करा. मी सकाळी एकदा सांगितलं, मी आई नाही, मावशी आहे. ती म्हणाली, हो का, बरं, आई, तुम्ही बसा. जाऊ दे म्हटलं. भिंगरीची आई म्हणजे माझी मोठी बहीण, ताई. चालायला लागायच्या आधीपासून पोर माझ्याकडे आहे. भिंगरी हे नाव आमच्या आईनं ठेवलं, एका जागी ठरत नाही म्हणून. तिचं खरं नाव फक्त शाळेत घेतात, तेही तिच्यावर ओरडायला.

शाळेचंच तर हे सगळं चाललं होतं. मुख्याध्यापिकाबाईंनी मला समोर बसवून, पाणी वगैरे देऊन सांगितलं होतं की या सत्रानंतर त्यांना जमणार नाही. वर्गात शेजारी बसून एकेक गोष्ट सांगणारी मदतनीस बाई ठेवता येते, तशी सोय आहे, पण त्याला डॉक्टरांचं कारण लागतं, आणि 'चंचल आहे' हे कारण होत नाही, चंचल सगळीच मुलं असतात. कारण आणा नाहीतर पोर न्या, असा त्या गोड बोलण्याचा अर्थ. आणि डॉक्टरांनी मघाशी काय केलं, तर एक छोटी पारदर्शक पट्टी भिंगरीच्या डोळ्यांशी धरली, डोळ्याच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत मोजलं, मग ओठ मिटायला सांगून तिच्या नाकाखालच्या पन्हळीकडे बघत बसले. काही चेहऱ्यांची चित्रं जवळ धरून ताडून पाहिली. तिला वाटलं खेळच आहे, तिनंही त्यांच्या नाकाखाली बोट लावलं. मग त्यांनी मला समजावलं. डोळे आखूड आहेत, वरचा ओठ पातळ आहे, पण मधली पन्हळ म्हणावी तेवढी पुसलेली नाही. आईनं गरोदरपणात दारू घेतल्यावर काही मुलांच्या चेहऱ्यावर ही तिन्ही चिन्हं स्पष्ट दिसतात, तेव्हा कुणाला काही विचारावं लागत नाही. बऱ्याच मुलांच्या चेहऱ्यावर अर्धवट दिसतात नाहीतर दिसतच नाहीत, मेंदूवर मात्र व्हायचं ते झालेलं असतं. तिथं घरच्यांनी सांगावं लागतं. घरच्या कुणी सांगितलं नाही तर त्यांना ठामपणे काही लिहिता येत नाही. एवढं सगळं सांगून मग विचारलं होतं. आणि मी, कारण न्यायला म्हणून अर्ध्या पगाराची रजा टाकून आलेली बाई, म्हणते, आमच्याकडे असलं काही नाही.

मी पाणीपुरवठ्याच्या तक्रार विभागात फोनवर बसते. दिवसभर कानाला हेडफोन, केसांत त्याचा कायमचा पट्टा पडलाय. लोक शिव्या देतात. नळाला पाणी नाही, पाण्याला वास आहे, पाइप फुटलाय आणि तुम्ही काय झोपा काढता काय. मी म्हणायचं, आपली गैरसोय झाली त्याबद्दल दिलगीर आहोत, आपली तक्रार नोंदवून घेतली आहे. नोंदवून घेतली आहे याचा अर्थ मला जितका ठाऊक आहे तितका कुणाला असणार. मी फार चांगली बोलते म्हणून साहेब नव्या मुलींना माझ्या शेजारी बसवतात, शिका म्हणतात, आवाज कसा चढत नाही बघा. चढत नाही कारण तो मी घरी आणते. घरी आल्यावर भिंगरीनं एका पायात मोजा घातलेला असतो, दुसरा मोजा हातात असतो, आणि ती खिडकीशी उभी असते, कधीपासून कुणाला माहीत. मी सकाळीच सांगून गेलेली असते की मोजे घाल, दप्तर भर, आजीनं दिलेलं खा. मी सांगते तेव्हा ती हो म्हणते. अगदी गोड हो म्हणते. डोळ्यांत बघून म्हणते. आणि मग त्या तीन गोष्टींतली पहिली अर्धी होते आणि बाकीच्या कुठं जातात देव जाणे. मुद्दाम करतेस ना, मी म्हणते. मुद्दाम करते, आई म्हणते. सोमवारी पाढा घडाघडा म्हणून दाखवला आणि मंगळवारी तोंड उघडेना, म्हणजे मुद्दामच नाही का, बाई म्हणतात. हा शब्द भिंगरीच्या अंगावर इतक्या वेळा आपटलाय की ती तो स्वतःही वापरते. ठेच लागली की दगडाला म्हणते, मुद्दाम केलंस.

आणि खोटं बोलते हे दुसरं. मैत्रिणीची कंपासपेटी दप्तरात सापडली. कुणाची? माझी. कुणी दिली? तिनं दिली. कधी दिली? मग सुरू. मधल्या सुट्टीत दिली, झाडाखाली दिली, तिच्याकडे दोन होत्या, तिची आई म्हणाली एक देऊन टाक. झाडाखाली पाणी साचलं होतं आणि त्यात पिवळं पान होतं, हेसुद्धा. सगळा वर्ग सांगत होता की असलं काही घडलं नाही. बाईंनी तिला आठवडाभर वर्गाबाहेर उभं केलं, खोटं बोलल्याबद्दल. कंपासपेटीचं तर सगळे विसरूनच गेले. मीही घरी हाताला धरून हलवलं तिला, खरं सांग म्हणून. ती रडली नाही. ती माझ्याकडे अशी बघत होती की खरं म्हणजे काय ते मी आधी सांगावं आणि मग ती लगेच तेच म्हणेल. डॉक्टर मघाशी सहज बोलून गेले की आठवणीत जिथं भोक असतं तिथं अशी मुलं हाताला येईल ते भरतात, आणि मग त्यांना ते खरंच घडल्यासारखं वाटतं. त्याला खोटं म्हणत नाहीत. हे ऐकून दोन मिनिटं झाली नसतील, तोच मी खोटं बोलले. मला तर सगळं आठवत होतं. भोक नव्हतं, काही नव्हतं. बाटलीवरचं झाकणसुद्धा आठवत होतं, निळं.

त्या दिवसांत ताई आणि मी एका भाड्याच्या खोलीत राहत होतो. भिंगरीचा बाप तोवर निघून गेला होता, फार काही सांगण्यासारखा तो नव्हताच. ताई पाण्याच्या बाटलीत भरून ठेवायची, निळ्या झाकणाची बाटली, उशाशी. पोट वर आलेलं, पाय सुजलेले, आणि उठली की आधी ती बाटली. मी ओतून दिली की दुसऱ्या दिवशी पुन्हा भरलेली. मी भांडले, रडले, चपला लपवल्या तिच्या, बाहेर जाऊ नये म्हणून. अनवाणी गेली. दवाखान्यात तपासायला नेलं तेव्हा आई आली होती गावाहून, आणि तिथल्या बाईंनी ताईला विचारलं की काही घेता का, तर ताईच्या आधी आईनंच उत्तर दिलं. आमच्याकडे असलं काही नाही. ताई छताकडे बघत होती. तिच्या तोंडाला वास येत होता, तपासणाऱ्या बाईंना तो आला नसेल असं मला आजही वाटत नाही. त्याही म्हणाल्या, बरं.

आमच्या घरात दारू हा शब्दच नव्हता. बाबा प्यायचे, रोज प्यायचे, कधी दारात पडायचे, पण दारू नव्हती. बाबांना बरं नाहीये, एवढंच होतं. ऑफिसातून कुणी विचारायला आलं की आई आम्हा दोघींतल्या एकीला पुढं ढकलायची, जा, सांग, बाबांना बरं नाहीये. ताई ते फार छान सांगायची, मान किंचित कलती करून, की येणारा माणूस उलट आम्हालाच धीर देऊन जायचा. मला जमायचं नाही, मी अडखळायचे, मग आई आत आल्यावर चिमटा काढायची. पुढं ताईलाच बरं नाहीसं झालं. तेव्हा सांगायला मी एकटीच उरले, आणि तोवर मलाही छान सांगता यायला लागलं होतं. लहान पोराला बोलायला शिकवतात तसं आईनं आम्हाला हे शिकवलं, आणि आज सकाळी निघतानासुद्धा ती दाराशी उभी राहून काय म्हणाली, तर तिथं तुझ्या बहिणीचं नाव मध्ये आणू नकोस. आत्ता कुठं ती सावरलीय. तिच्या कानावर गेलं तर पुन्हा सुरू करेल आणि मग ते पाप तुझ्या माथी. माझ्या माथी. मी भिंगरीच्या बुटांची नाडी बांधली. एवढी घट्ट बांधली की ती कळवळली.

सावरलीय हे खरं आहे. ताईनं दारू सोडली, कायमची सोडली म्हणतात, आणि त्याचं सगळ्यांना कोण कौतुक. सोडलेल्यांचा एक गट आहे, ते दर आठवड्याला जमतात, खुर्च्या गोल मांडतात आणि आपापलं सांगतात. ताई तिथली हुकमी वक्ता आहे. सोडल्याला वर्ष झालं तेव्हा त्यांनी घरच्यांना बोलावलं होतं, म्हणून मी भिंगरीला घेऊन गेले. ताई उभी राहिली, मान किंचित कलती केली, आणि सांगितलं. नोकरी कशी गेली ते सांगितलं, रस्त्यात कशी पडली ते सांगितलं, बाबांचं सांगितलं. मग माझ्याकडे हात करून म्हणाली, माझं ओझं माझ्या धाकट्या बहिणीनं उचललं. लोक डोळे पुसत होते. ओझं माझ्या मांडीवर बसलं होतं आणि जोरजोरात टाळ्या वाजवत होतं. बाकीच्यांच्या थांबल्या तरी तिच्या थांबेनात, मला तिचे हात धरून ठेवावे लागले. सगळं सांगितलं ताईनं, एवढं एक सोडून. पोट, बाटली, निळं झाकण, त्याबद्दल अवाक्षर नाही. दर रविवारी येते, बाहुली आणते, रंगपेटी आणते, भिंगरी तिला बिलगते, आणि तासाभरात निघून जाते. मग आठवडाभर मी त्या रंगपेटीतले खडू गादीखालून वेचते. आई म्हणते, किती करते ग बिचारी. बिचारी हा शब्द माझ्या वाट्याला कधी आला नाही. मला तो नकोही आहे, पण कुणी देऊन तर बघावं.

बोळात बसल्या बसल्या मी ताईला फोन लावला. का लावला, सांगता येणार नाही. वाटलं असावं की तीच म्हणेल, सांग, म्हणजे मग माझ्या माथी काही राहणार नाही. मी एका दमात सांगितलं, डॉक्टरांनी काय विचारलं आणि त्यावर काय काय अवलंबून आहे. शाळेचं सांगितलं. त्या माणसाचं पुन्हा सांगितलं, जो शाळा सुटल्यावर भिंगरीला पिल्लू दाखवतो म्हणाला आणि ती त्याचा हात धरून निघाली. पेपरवाल्या बाईनं ओळखून हाक मारली म्हणून ती आज आहे. दुसऱ्या दिवशी मी तिला विचारलं होतं, आज तो आला तर जाशील का. तर म्हणाली, त्याच्याकडे पिल्लू आहे ना. तिच्याजवळ कुणीतरी कायम हवंय, मी म्हटलं, आणि कारण दिल्याशिवाय कुणी देत नाहीये. मग ताईचा तो सभेतला आवाज आला, गुळगुळीत. म्हणाली की तिच्या गटात एकेक पायरी असते, झालेल्या चुका मान्य करायची पायरीही असते, आणि ती अजून त्या पायरीवर आलेली नाही.

"तुझ्या पायऱ्या होईपर्यंत पोर रस्त्यावर जाईल," मी म्हटलं.

पलीकडच्या खुर्चीवरची बाई माझ्याकडे बघायला लागली. बघू दे म्हटलं. जन्मभर आवाज न चढवण्याचा पगार घेतलाय, आज रजेवर आहे. ताई म्हणाली, बरं, मग अधूनमधून घ्यायची असं सांग. अधूनमधून. थोडीफार. रोज असं म्हणू नकोस. माझं डोकं अक्षरशः भणभणलं. पोरीच्या डोक्यातली भोकं काय अधूनमधून पडलीत का, असं म्हणणार होते, तेवढ्यात तिनंच विचारलं, आणि या वेळी तिचा आवाज सभेतला नव्हता.

"तिचे डोळे मोजले का ग?"

ती म्हणाली की तिनं हे सगळं केव्हाच वाचलंय. म्हणून तर रविवारी आली की ती भिंगरीला पाठमोरी मांडीवर घेते, वेणी घालायचं निमित्त करून. समोरून बघवत नाही. तिच्या नाकाखाली नजर गेली की घरी जाईपर्यंत रस्त्यातलं तसलं प्रत्येक दुकान मोजत जावं लागतं. शेवटी म्हणाली, "तू सांग. मला सांगता येत नाही." आणि फोन ठेवला.

मला तिची दया आली असेल असं कुणाला वाटेल. नाही आली. मला संताप आला की एवढं कळत असून ही बाई बाहुल्या आणत राहिली. आईचा आला. त्या दवाखान्यातल्या 'बरं' म्हणणाऱ्या बाईंचा आला. मेलेल्या बाबांचा आला, ते एवढे दूर जाऊन बसलेत की त्यांच्यावर रागावणंही फुकट. मोठ्या माणसांना सगळ्यांनी काचेसारखं जपायचं, त्यांच्या पायऱ्या सांभाळायच्या, अब्रू सांभाळायची, आणि फुटायचं ते नऊ वर्षांच्या पोरीनं. तेही एकटीनं फुटायचं, वर्गाबाहेर उभं राहून, मुद्दाम फुटली म्हणून.

डॉक्टरांनी दार उघडून मला आत बोलावलं. भिंगरी कोपऱ्यात चटईवर ठोकळे रचत होती. त्यांनी खुर्ची दाखवली आणि म्हणाले, एक विचारायचं होतं, घरात कुणी आजारी असतं का? त्यांनी तिला एक चित्र दाखवलं होतं, त्यात एक बाई पलंगावर आडवी आहे आणि शेजारी मूल उभं आहे. गोष्ट सांग म्हटल्यावर बाकीची मुलं म्हणतात, बाई झोपलीय, दमलीय. भिंगरी म्हणाली, तिला बरं नाहीये. मग उठून खोलीच्या दारापाशी गेली आणि दाराला सांगितलं, आईला बरं नाहीये, तुम्ही नंतर या. मान अशी कलती करून, डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी स्वतःची मान कलती करून दाखवली.

मी ती मान बघितली. ती भिंगरीला कुणी शिकवली हे मला विचारायची गरज नव्हती. एखाद्या रविवारी ताई आली नाही की आई सांगते, तिला बरं नाहीये. शेजारची बाई ताईची चौकशी करते तेव्हा आई भिंगरीला पुढं करते. पाढा राहत नाही, मोजा राहत नाही, रस्ता ओलांडायचा कसा हे राहत नाही, आणि हे तेवढं बरोबर राहिलं.

"मघाशी मी नाही म्हटलं ते खोटं होतं," मी म्हटलं. "तिची आई दारू प्यायची. ही पोटात असताना पहिल्यापासून शेवटपर्यंत, रोज. मी तिथं होते."

दारू. तोंडात तो शब्द कसा फिरवायचा हेही मला नीट ठाऊक नव्हतं, जरा मोठ्यानंच म्हटला गेला. डॉक्टरांनी आश्चर्य दाखवलं नाही, कौतुकही केलं नाही, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. धैर्य वगैरे म्हणाले असते तर मी उठून गेले असते. त्यांनी मघाचं खोडलं, नव्यानं लिहिलं, काय प्यायची, साधारण किती, डोळ्यांनी बघितलंय ना. मी सांगत गेले. मग ते म्हणाले की आता त्यांना कारण लिहिता येईल, शाळेला ते मानावं लागेल. आणि घरी काय करायचं ते सांगितलं. एका वेळी एकच गोष्ट सांगायची. थोडक्या शब्दांत, आणि दर वेळी त्याच शब्दांत. करत नाही असं म्हणायचं नाही, करता येत नाही असं म्हणायचं, आधी मनात. आज कळलेलं उद्या जाईल, तेव्हा पुन्हा पहिल्यापासून, जणू काही आधी कधी सांगितलंच नाही अशा आवाजात. न चिडता, असं म्हणून ते जरा थांबले, माझ्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं असावं. मग म्हणाले, चिडून सांगितलं की तिच्या लक्षात फक्त चिडणं राहतं. मला हसू आलं. या कामाचा पगार मी दुसरीकडे घेते, त्यांना काय माहीत.

बाहेर पडलो तेव्हा ऊन उतरलं होतं. भिंगरीचा हात माझ्या हातात होता, तिला एक ठोकळा खिशात घालून आणायचा होता, तो काढून परत ठेवताना थोडी रडारड झाली होती, आता ती विसरली होती. बसस्टॉपवर बाक होता. ती बाकाच्या कडेवर बसली आणि पाय हलवत रस्त्याकडे बघत म्हणाली,

"माऊ, मला बरं नाहीये का?"

म्हणजे तिनं ऐकलं होतं. तिचं लक्ष नसतं असं गृहीत धरून डॉक्टर आणि मी तिच्यासमोर सगळं बोललो होतो. लक्ष नसतं म्हणून तर तिला तपासायला आणलेलं. माझ्या तोंडात 'नाही' तयार होतं. आणि मग लक्षात आलं की या प्रश्नाला 'नाही' म्हटलं तर त्याचा अर्थ काय होईल हे मलाच माहीत नाही. बरं नाही का, नाही. दोन्हीकडून तेच. आईनं शिकवलेलं ते एक उत्तर इथं उपयोगाचं नव्हतं, आणि दुसरं मला कुणी शिकवलेलं नव्हतं. मी तिच्यासमोर उकिडवी बसले, रस्त्यावरच, साडीला माती लागत होती.

"तू पोटात होतीस तेव्हा तुझ्या आईनं दारू प्यायली," मी म्हटलं. "ती तुझ्या डोक्यात गेली. म्हणून तुला काही गोष्टी लक्षात राहत नाहीत. तू मुद्दाम करत नाहीस."

ती विचार करत होती. विचार करताना ती वरचा ओठ आत घेते, म्हणजे आधीच नसलेला ओठ पूर्ण नाहीसा होतो.

"मग आईनं मुद्दाम केलं?"

हो. हो म्हणायचं होतं मला. नऊ वर्षं तो हो मी जपून ठेवला होता, कुणीतरी विचारावं म्हणून. अनवाणी गेली ती, मी चपला लपवलेल्या असताना. आणि नेमकं तेच डोळ्यांसमोर आलं, ते सुजलेले पाय, उन्हात तापलेल्या रस्त्यावर, पोट सावरत चाललेले. असं कुणी मुद्दाम चालत नाही. मला सांगता येत नाही, ती मघाशी म्हणाली होती. नुसतं सांगत नाही असं नव्हती म्हणाली.

"नाही," मी म्हटलं. आणि हे उत्तर खरं निघाल्याचा मला इतका संताप आला की मी तोंड फिरवून बस येतेय का ते बघत राहिले.

बस आली. तिला खिडकीची जागा मिळाली. थोडा वेळ तिनं काचेवर नाक दाबून धरलं, श्वासाचा ढग केला, पुसला. दुकानं मागे जात होती. घरी आई दारात उभी असणार, काय सांगितलंस विचारायला, आणि तिला काय सांगायचं ते मी जुळवत होते. शब्द सापडत होते, आवाज तेवढा खाली राहील की नाही याची खात्री नव्हती. तेवढ्यात भिंगरीनं माझी बाही ओढली. तिचा चेहरा कोरा होता, तोच गोड चेहरा, मघाचं काही झालंच नाही असा. खरंच विसरली होती, की पुन्हा ऐकावंसं वाटलं होतं, कळायला काही मार्ग नव्हता.

"माऊ, मला बरं नाहीये का?"

पुढच्या सीटवरच्या माणसानं मागे वळून बघितलं. मी आवाज खाली आणला, फोनवरचा.

"तू पोटात होतीस तेव्हा," मी म्हटलं, "तुझ्या आईनं दारू प्यायली."